सीओटूच्या टाकीचा दाब घाईने शून्यावर आणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारखान्यात कार्बन डायऑक्साइडची गळती झाली की 'हा वायू ज्वलनशील नसल्याने अनर्थ टळला' असे कुणीतरी सांगतोच, आणि तेच बातमीत उतरते. सीओटू पेटत नाही हे खरे. पण द्रवरूप सीओटू साठवलेली टाकी फुटू शकते, आणि ती न फुटताही नुसत्या गळतीने माणसाचा जीव जाऊ शकतो. औद्योगिक वायूंच्या टाक्या बसवणे, तपासणे आणि दुरुस्त करणे हे आमचे रोजचे काम. शटडाउनच्या दिवसांत, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद असताना, या टाक्यांना फिटरचे पाने लागतात, त्याआधी चार गोष्टी छापून याव्यात म्हणून हे पत्र.

या टाक्या आपल्याकडे वाटतात त्याहून जास्त ठिकाणी आहेत. शीतपेयांचे बॉटलिंग, बिअरचे कारखाने, मळीपासून अल्कोहोल बनवताना निघणारा वायू पकडून शुद्ध करणारे प्रकल्प, सुका बर्फ बनवणारे, मिग वेल्डिंग करणारे वाहन उद्योगातील कारखाने, वाळूचे साचे सीओटू सोडून घट्ट करणाऱ्या कोल्हापूरकडच्या फाउंड्री. टाकी बहुधा कंपाउंडच्या कोपऱ्यात उभी असते, तिच्याकडे लक्ष देणारा माणूस बॉयलरचा किंवा कॉम्प्रेसरचा असतो, आणि 'एएमसी' (वार्षिक देखभालीचा करार) म्हणजे वर्षातून एकदा रंग आणि स्टिकर असा समज असतो.

आमचे मुख्य म्हणणे असे: छोट्या दुरुस्तीसाठी अख्ख्या टाकीचा दाब काढून टाकण्याची सवय बंद झाली पाहिजे. हवेच्या रिसीव्हरवर, म्हणजे दाबाखालची हवा साठवणाऱ्या टाकीवर, काम करणारा फिटर 'आधी प्रेशर काढ, मग पाना लाव' हे शिकलेला असतो. ते बरोबरच आहे. सीओटूच्या लाइनलाही ते लागू आहे. पण द्रव भरलेल्या टाकीला तोच नियम लावला की सुरक्षिततेच्या नावाखाली सर्वांत मोठा धोका तयार होतो.

कारण समजून घेतले पाहिजे. टाकीत हा वायू साधारण उणे २० अंश सेल्सिअसला द्रवरूपात असतो आणि गेजवर १८ ते २० बार दाब दिसतो. द्रव आणि त्यावरची वाफ एकत्र आहेत तोवर दाब आणि तापमान एकमेकांना बांधलेले असतात, म्हणजे दाबाचे गेज हेच थर्मामीटर. गेजवर १८.७ बार असेल तर आत उणे २०, १३.३ म्हणजे उणे ३०, ९ म्हणजे उणे ४०, ५.८ म्हणजे उणे ५०. गेजवर ४.२ बार आले की उणे ५६.६ अंशांवर द्रव गोठायला लागते. त्याच्या खाली द्रवरूप सीओटू राहूच शकत नाही. असतो तो एक तर वायू, नाही तर सुका बर्फ. दाब पूर्ण गेला की टाकीच्या तळाशी उणे ७८.५ अंशांचा सुका बर्फ बसलेला असतो. उणे २० अंशांचे द्रव उघड्यावर सोडले तर वजनाने निम्म्याला थोडा कमी भाग असा बर्फ होतो.

आता टाकीच्या पाटीकडे पाहा. आतले पात्र कार्बन स्टीलचे असेल तर त्यावर किमान तापमान कोरलेले असते. कुठे उणे २९, कुठे उणे ४० किंवा ४५. त्याखाली ते पोलाद ठिसूळ होते आणि वेल्डजवळची बारीकशी चीर ताणाखाली झटक्यात पसरू शकते. पाटीवर उणे २९ असेल तर त्या टाकीसाठी दाबाची खालची मर्यादा सुमारे १४ बार झाली. वरची मर्यादा सगळ्यांना पाठ असते, खालच्या मर्यादेचे नावही कुणी काढत नाही. दाब उतरताना सहसा काही होत नाही, कारण पोलाद गार होत असले तरी त्यावरचा ताण कमी होत असतो. टाकी फुटते ती पुढे, थंडगार पात्रात दाब परत चढवताना. म्हणून चूक करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत काहीच घडत नाही, आणि 'आम्ही नेहमी असेच करतो' हे वाक्य तयार होते.

दाब न कळत जाण्याचेही तीन-चार रस्ते आहेत. रात्रपाळीत वापर वाढतो, त्याच वेळी द्रवाची वाफ करून दाब टिकवणाऱ्या वेपोरायझरचा ब्रेकर पडलेला असतो, आणि ओढले जाणारे द्रव टाकीतली उष्णता घेऊन जाते. किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह एकदा उडाल्यावर सीटवर बर्फ धरतो आणि तो पुरता बसत नाही. सकाळपर्यंत दाब ५ बारवर येतो. किंवा कुणी ग्लँडचे (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचे) पॅकिंग बदलायला व्हेंट, म्हणजे वाफ सोडायचे तोंड, उघडून चहाला जातो.

यानंतर जे घडते ते जास्त गंभीर. गेज शून्य दाखवते. लेव्हल गेज द्रवाच्या स्तंभाचा दाब मोजते, पण तिच्या बारीक नळ्या बर्फाने बुजलेल्या असतात, म्हणून तीही शून्य दाखवते. निष्कर्ष निघतो की टाकी रिकामी आहे, आणि टँकर मागवला जातो. प्रत्यक्षात आत तीन-चार टन सुका बर्फ असू शकतो. सुक्या बर्फाची घनता घनमीटरला सुमारे १५६० किलो. तो वितळून उणे ५६ अंशांचे द्रव झाला की घनता ११७८ वर येते, आणि ते द्रव उणे २० पर्यंत आले की १०३० वर. म्हणजे तोच माल दीडपट जागा मागतो. त्यावर टँकरमधून नवीन द्रव सोडले, तर वितळल्यावर टाकी काठोकाठ भरून वाफेला जागाच उरत नाही. ठिसूळ पोलाद, चढता दाब आणि जास्तीचा भराव अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या.

असे आढळले तर कारखान्यातल्या माणसाने काय करायचे? वापर बंद. द्रवाच्या सगळ्या लाइनचे व्हॉल्व्ह बंद. वेपोरायझर आणि हीटर बंद. सेफ्टी व्हॉल्व्हच्या मार्गाला हात लावायचा नाही. टँकरला होज (भरण्याची नळी) जोडू द्यायचा नाही, चालक कितीही घाईत असो. गरम पाणी, वाफ, गॅस कटरची ज्योत यातले काहीही टाकीजवळ न्यायचे नाही. आजूबाजूला दोरी बांधून माणसे दूर करायची आणि वायू पुरवठादाराच्या तांत्रिक विभागाला फोन करायचा. टाकी पुन्हा दाबावर आणणे हे त्यांचे किंवा निर्मात्याच्या प्रशिक्षित माणसांचे काम आहे, आणि ते लेखी पद्धतीनेच व्हावे. त्याचे तत्त्व मात्र ग्राहकालाही ठाऊक असावे, म्हणजे चाललेले काम बरोबर आहे की नाही हे कळते. आत द्रव सोडत नाहीत, सीओटूची वाफ हळूहळू सोडतात. दाब ४.२ बारला पोहोचला की तिथेच अडकून राहतो, कारण बर्फ वितळायला लागलेला असतो. किलोमागे सुमारे २०० किलोज्यूल उष्णता लागते, तेव्हा टनावारी बर्फाला तासन्‌तास लागतात. या काळात तळाच्या पोलादाचे तापमान दोन-तीन ठिकाणी मोजत राहायचे आणि ते पाटीवरच्या मर्यादेच्या वर आल्याशिवाय दाब कामाच्या पातळीला न्यायचा नाही. काही टाक्यांच्या बाबतीत बर्फ उघड्या व्हेंटमधून आपोआप उडू देणे जास्त सुरक्षित ठरते. त्याला दिवस लागतात. कुणी 'दोन तासांत करून देतो' म्हणाला तर त्याला गेटबाहेर काढावे.

मग दुरुस्ती करायची कशी? बहुतेक दुरुस्त्या टाकी दाबावर ठेवूनच होतात. बिघडलेला भाग टाकीच्या मूळ (टाकीला लागून असलेल्या पहिल्या) व्हॉल्व्हच्या पुढे असेल तर तो व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावायचे, पुढच्या लाइनमधले द्रव वाफेने ढकलून बाहेर काढायचे आणि मगच तेवढ्या भागाचा दाब सोडायचा. क्रम उलटा झाला, म्हणजे द्रव आत असतानाच व्हेंट उघडला, तर लाइनमध्ये बर्फाचा बोळा बसतो. बोळ्याच्या अलीकडचे गेज शून्य दाखवते, पलीकडे दाब तसाच असतो. थोड्या वेळाने बाहेरच्या उन्हाने बोळा सैल होतो आणि बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. होज उतरवताना होणारे बरेचसे अपघात याच प्रकारचे. म्हणून होज सोडण्यापूर्वी तो हाताने (अर्थात हातमोजा घालून) हलवून पाहावा. कडक किंवा जड लागला तर आत बर्फ आहे, थांबावे. फिटिंग सैल करताना तोंडासमोर उभे राहू नये, आणि होजच्या दोन्ही टोकांना साखळी असावी.

ग्लँडमधून किंचित गळत असेल तर ग्लँडचा नट पाव फेरा आवळणे दाबाखाली चालते. फ्लँजचे (पाइपच्या चकतीच्या जोडाचे) बोल्ट दाबाखाली आवळणे चालत नाही. गार झालेल्या बोल्टवर पाना मारला की तो तुटतो, मग गळती थेंबाची राहत नाही.

मूळ व्हॉल्व्हच बदलायचा असेल किंवा आतून तपासणी करायची असेल तर टाकी रिकामी करावीच लागते. तेव्हाही आधी द्रव जाते, नंतर दाब. दाब पाटीनुसार ठरलेल्या खालच्या मर्यादेच्या (उणे २९ च्या टाकीत १४ बारच्या) वर राखून सगळे द्रव टँकरमध्ये किंवा दुसऱ्या टाकीत घ्यावे. तळाचा ड्रेन जरासा उघडून खात्री करावी: पांढरा, कडकडत येणारा बर्फाळ फवारा आला तर द्रव अजून आहे. ते संपल्यावरच वाफ टप्प्याटप्प्याने सोडावी आणि प्रत्येक टप्प्यावर तळाचे तापमान पाहावे. ते झपाट्याने उतरू लागले तर आत द्रव शिल्लक आहे, व्हेंट बंद करावा.

परत सुरू करतानाही तेच भान ठेवायचे. पाण्याने चाचणी घेतली असेल तर टाकी पूर्ण कोरडी झाली पाहिजे. आतल्या हवेचा दवबिंदू उणे ४० किंवा त्याखाली यावा. कोरडा सीओटू पोलादाला काही करत नाही, ओला सीओटू कार्बोनिक आम्ल बनून ते खातो, शिवाय उरलेले पाणी गोठून नेमके सेफ्टी व्हॉल्व्हच्या आणि गेजच्या नळ्यांत अडकते. कोरडी टाकी सीओटूच्या वाफेने धुऊन घ्यावी आणि वाफेनेच, पाटीवरच्या किमान तापमानाला जुळणाऱ्या दाबापर्यंत, म्हणजे वरच्या उदाहरणात १४ बारपर्यंत न्यावी. त्यानंतर द्रव. शून्य दाबाच्या टाकीत थेट द्रव सोडणे म्हणजे आपल्या हाताने आत सुका बर्फ करणे.

आता सेफ्टी व्हॉल्व्ह. जर्मनीतील वर्म्स येथे २१ नोव्हेंबर १९८८ रोजी एका कारखान्यातली ३० टनी सीओटू टाकी फुटली. तिघांचा मृत्यू झाला आणि टाकीचा मोठा भाग सुमारे ३०० मीटरवर ऱ्हाइन नदीत जाऊन पडला. दाब वाढत असताना सेफ्टी व्हॉल्व्हने तो सोडला नाही, हे त्यामागचे प्रमुख कारण मानले गेले. हंगेरीतील रेप्त्सेलाक येथे २ जानेवारी १९६९ रोजी झालेल्या स्फोटात नऊ जण गेले. तिथे टाकीत प्रमाणाबाहेर द्रव भरले गेले होते. उणे २० वरून शून्य अंशाला आले तरी हे द्रव ११ टक्क्यांच्या आसपास फुगते, त्यामुळे भरताना वर वाफेला जागा सोडणे ही काटकसर नव्हे, गरज आहे. लेव्हल गेजवर विसंबून न राहता कमाल पातळीचा ट्राय कॉक (त्या उंचीवर बसवलेली छोटी तोटी) उघडून पाहावा. त्यातून द्रव आले की भरणे थांबवावे.

चांगल्या टाकीवर सेफ्टी व्हॉल्व्हची जोडी असते आणि खाली तीन तोंडांचा बदलता व्हॉल्व्ह असतो. एक चाचणीला काढला तरी दुसरा कामावर राहतो. त्याचे हँडल पूर्णपणे एका बाजूला असावे, मधे लोंबकळत नको. एखादा सेफ्टी व्हॉल्व्ह उडून परत बसत नसेल तर त्यावर हातोडी मारण्याची पद्धत आम्ही पाहतो. ती कृपया बंद करा. हँडल दुसऱ्या बाजूला फिरवा, बर्फ धरलेला आपोआप सुटू द्या, मग तो काढून चाचणीला पाठवा. चाचणीत ठरलेल्या दाबाच्या ३ टक्के अलीकडे-पलीकडे तो उडाला पाहिजे आणि नीट बसला पाहिजे. टॅगवर तारीख आणि सेट दाब कोरलेला हवा. व्हॉल्व्हच्या तोंडाला पावसाचे पाणी साचू नये म्हणून खाली छोटे निचरा छिद्र असते. तिथे गांधीलमाशी मातीचे घर करते, रंगारी रंग भरतो. वर्षभर कुणी पाहत नाही. पावसाळ्यात तिथे पाणी साचले, आणि बारीक गळतीने व्हॉल्व्ह गार असला, की त्याच पाण्याचे बूच बनते.

रंगाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. निर्वात आवरणाच्या टाकीवर, म्हणजे दुहेरी भिंतीत पर्लाइट (उष्णता अडवणारी भुकटी) भरून हवा काढलेली असते त्या टाकीवर, बाहेरच्या पात्राला एक सैल झाकण असते. आतले पात्र गळले तर ते उचलले जाऊन बाहेरचे पात्र वाचावे यासाठी ते दिलेले असते. चमकदार रंगाचे तीन हात बसल्यावर ते झाकण उचलले जात नाही.

हीटर आणि रेफ्रिजरेशन यांचे दाबाचे स्विच वेगवेगळे असावेत, आणि हीटर बंद करणारा जास्त दाबाचा स्विच रोजच्या नियंत्रणापासून स्वतंत्र असावा. एकच स्विच चिकटला तर हीटर चालूच राहतो. आत बुडणारा हीटर असेल तर पातळी खाली गेल्यावर तो उघडा पडून जळतो, म्हणून कमी पातळीचा कटआउटही लागतो. रेफ्रिजरेशनबद्दल फार सांगण्यासारखे नाही: कंडेन्सरची जाळी धुवा, धूळ बसली की मे महिन्यात तो दाब रोखू शकत नाही आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसभर फुसफुसत राहतो. तो फुसफुसणारा वायू तुमच्या बिलातला असतो.

दोन बंद व्हॉल्व्हच्या मधे अडकलेले द्रव हा वेगळाच प्रकार. वाफेला जागा नसली की प्रत्येक अंश तापमानवाढीमागे दाब कित्येक बारने चढतो. पाइप उन्हात असेल तर मिनिटांचा खेळ. म्हणून जिथे जिथे दोन व्हॉल्व्हमध्ये द्रव कोंडले जाऊ शकते तिथे स्वतंत्र छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह लागतोच. नवीन व्हॉल्व्ह मधे टाकला की असा एक कोंडवाडा नव्याने तयार होतो, हे फिटरच्या लक्षात येत नाही. बॉल व्हॉल्व्हमध्ये तर हा कोंडवाडा आतच असतो. बंद केल्यावर बॉलच्या पोकळीत द्रव राहते, म्हणून सीओटूसाठीच्या बॉलला टाकीकडच्या बाजूने एक बारीक छिद्र पाडलेले असते आणि बॉडीवर दिशेचा बाण असतो. बाजारातून तशाच मापाचा, पाण्याचा किंवा हवेचा बॉल व्हॉल्व्ह आणून बसवला तर पोकळीतल्या दाबाने त्याची सीट उडते, कधी बॉडीच फाटते. बाण उलटा बसवला तर बंद केलेला व्हॉल्व्ह गळतच राहतो. गॅस्केट आणि ओ-रिंगचेही तसेच: साधे रबर सीओटू शोषून घेते आणि दाब एकदम उतरला की आतून फोड येऊन चिरते. टेफ्लॉनचे गॅस्केट थोडे महाग पडते, पडू द्या.

आता माणसाच्या जिवाविषयी. सीओटू हवेच्या दीडपट जड आहे. एक किलो द्रवापासून सुमारे अर्धा घनमीटर वायू होतो. ४ मीटर लांब, ५ मीटर रुंद, ३ मीटर उंच अशा खोलीत साडेतीन किलो द्रव गळले तरी हवेत त्याचे प्रमाण ३ टक्के होते. दहा किलोंनी ९ टक्के. जमिनीलगत आणि खड्ड्यात ते याहून जास्त. आठ तासांच्या कामासाठी अर्धा टक्का ही सर्वसाधारण मर्यादा आहे, अमेरिकेतील नायोश ही कामगारांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणारी सरकारी संस्था ४ टक्के पातळी जिवाला तत्काळ धोका मानते, आणि १० टक्क्यांना माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होतो.

इथे एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे. हा वायू फक्त ऑक्सिजनची जागा घेतो, त्यामुळे ऑक्सिजन मीटर पुरे, असे सेफ्टी ऑफिसरसुद्धा सांगतात. हिशोब करून पाहा. हवेत ५ टक्के सीओटू मिसळला तर ऑक्सिजन २०.९ वरून १९.९ टक्क्यांवर येतो. मीटरचा अलार्म १९.५ ला लावलेला असतो. म्हणजे जिवावर बेतणारी पातळी ओलांडली तरी मीटर गप्प. सीओटू रक्तातली आम्लता वाढवून स्वतःच घात करतो, ऑक्सिजन पुरेसा असतानाही. म्हणून सीओटूचाच इन्फ्रारेड मीटर हवा. बसवायचा तो जमिनीपासून फूट-दीड फुटावर, कारण छताजवळ बसवलेला मीटर सर्वांत शेवटी वाजतो. पहिला अलार्म अर्ध्या टक्क्याला, दुसरा ३ टक्क्यांना. स्वतःहून शून्य जुळवून घेणारे, ऑफिसच्या एसीसाठी बनवलेले स्वस्त मीटर इथे घेऊ नयेत. सतत बारीक गळती असली तर ते तिलाच स्वच्छ हवा समजू लागतात.

टाकीत माणूस उतरवायचा असेल तर व्हॉल्व्ह बंद करणे पुरेसे नाही; पाइपचा तुकडा काढून ब्लाइंड, म्हणजे तोंड बंद करणारी भरीव चकती, लावावा. हवा ब्लोअरने द्यावी आणि जुनी हवा तळातून ओढावी, कारण वायू तळाशी साचतो. वर, मधे आणि खाली अशा तिन्ही ठिकाणी मोजावे, आणि काम चालू असताना मोजत राहावे. कोपऱ्यात राहिलेला एक बादलीभर सुका बर्फसुद्धा तासाभरात आकडे बदलतो. बाहेर एक माणूस केवळ लक्ष ठेवायला. आतला कोसळला तर त्याने आत उडी मारायची नाही. हवेचा सिलिंडर पाठीला असलेलाच आत जाईल. कार्ट्रिजचा मास्क सीओटूला अडवत नाही, पण स्टोअरमधून तोच दिला जातो. टाकीभोवती गळती अडवायला बांधलेला कठडाही इथे उलटा पडतो: तेलाला तो रोखतो, हा वायू मात्र त्यात तुंबून राहतो. वजनकाट्याचा खड्डा, केबलची चर, तळघराची खिडकी टाकीच्या उताराला आहे का, एकदा फिरून पाहावे.

पफचे (पॉलियुरेथेन फोमचे) आवरण असलेल्या टाक्यांचा शत्रू पावसाळा. पत्र्याच्या सांध्यातून पाणी आत जाते, फोम भिजतो, त्याच्याआड पोलाद गंजते. पत्र्यावर एकाच जागी दव किंवा बर्फ धरत असेल, पत्रा फुगला असेल, तर तेवढा भाग उघडावा, ओला फोम कापून काढावा, पोलाद घासून अल्ट्रासॉनिकने जाडी मोजावी. जाडी ठीक असेल तर प्रायमर, नवा फोम, आणि सांधे वाफबंद सील. फोम पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. जवळ वेल्डिंग करायचे तर तो आधी पुरेसा मागे काढावा. आणि पात्रावरच वेल्डिंग? एक छोटा क्लिपसुद्धा नाही. १००० लिटरपेक्षा मोठी दाबपात्रे २०१६ च्या स्थिर आणि फिरत्या दाबपात्रांच्या नियमांखाली येतात. त्यात फेरफार करायचे तर 'पेसो'ची, म्हणजे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची, परवानगी लागते, आणि या संस्थेचे मुख्यालय नागपुरात, म्हणजे आपल्याच राज्यात आहे. सक्षम व्यक्तीकडून पात्राची दाबचाचणी पाच वर्षांच्या आत आणि सेफ्टी व्हॉल्व्हची चाचणी वर्षाच्या आत करून घ्यावी लागते. प्रमाणपत्र मागितले की बऱ्याच ठिकाणी टाकी बसवतानाचेच दाखवले जाते.

आमची मागणी मोठी नाही. वायू पुरवठादारांनी प्रत्येक टाकीवर मराठी फलक लावावा. सध्याचे फलक इंग्रजीत असतात, आणि रात्री दोन वाजता टाकीजवळ जो माणूस असतो त्याच्यासाठी ते नसल्यासारखेच. मजकूर एवढा पुरे:

'दाब १४ बारच्या खाली गेला तर वापर बंद करा. ६ बारच्या खाली गेला तर सर्व द्रव व्हॉल्व्ह आणि हीटर बंद करा, टँकर जोडू नका, गरम पाणी किंवा ज्योत आणू नका. गेज शून्य म्हणजे टाकी रिकामी असे समजू नका. सेफ्टी व्हॉल्व्ह बंद बसत नसेल तर हँडल दुसऱ्या बाजूला फिरवा. सीओटू मीटर वाजला तर वाऱ्याच्या उलट दिशेला, उंच जागी जा. चोवीस तास चालू असलेला फोन: ______'

१४ च्या जागी त्या त्या टाकीच्या पाटीनुसार आकडा घालावा, आणि रिकाम्या जागेत विक्री प्रतिनिधीचा नंबर लिहू नये. तो रात्री उचलत नाही.

आपले,
औद्योगिक वायू साठवण टाक्यांच्या देखभालीत काम करणारे काही अभियंते व तंत्रज्ञ